हातभिशी

पहिल्या दिवशी आत्यांच्या दंडात सुई मी घातली, असं सरकारी नोंद म्हणते. मी तर डोळे गच्च मिटून घेतले होते. उजव्या हातात कोपरापर्यंतचा करडा हातमोजा होता आणि त्याच्या आतली माझी बोटं मला न विचारता चालली होती. अंगठ्यानं कातडी ताणली, दोन बोटांनी सुई धरून किंचित तिरकी केली, आणि झालं. डोळे उघडले तेव्हा नळीतून रक्त मशिनकडं निघालं होतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशिनमधून गाळून घ्यावं लागायचं. त्यांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"धनश्री, हात तुझा न्हाई वाटला गं."

"मग कुणाचा वाटला?"

"दवाखान्यातल्या सिस्टरचा. तीबी अशीच आधी अंगठ्यानं ताणून धरायची."

आत्यांचं चुकलं नव्हतं. आपली बोटं हलवणारे स्नायू बोटांत कमी, कोपराखाली जास्त असतात. मेंदू त्यांना विजेचा बारीकसा इशारा देतो आणि बोट वाकतं. हाच इशारा बाहेरून कातडीवर दिला तरी बोट वाकतं, त्याला मालकाची परवानगी लागत नाही. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. लकवा झालेल्या हातांवर ते वापरतही होते. अडचण एवढीच की सगळा हात एकदम आखडायचा. मग कातडीइतकी पातळ जाळी निघाली, जी एकेका स्नायूला वेगळा इशारा देऊ शकते. मोज्याच्या बोटांच्या टोकांना आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज सोडणारे ठिपके बसवले. वटवाघूळ अंधारात भिंत ओळखतं, तसे हे ठिपके कातडीखालची शीर ओळखतात. शेवटी राज्यातल्या शेकडो नर्सना असे मोजे घालायला लावले आणि त्यांच्या हातांची एकूण एक हालचाल साठवून घेतली. सुई, सलाईन, जखमेची पट्टी, नाकातली नळी, सगळं. आता हा मोजा ज्याच्या हातात घालाल, तो नर्स.

शोधाला मी नावं ठेवत नाही. दुर्गम वाडीवर पावसाळ्यात अडकलेल्या बाळंतिणीला असा मोजा मिळाला असता तर मी त्याची पूजा घातली असती. पण आमच्या सरकारला त्यात वाचणारी माणसं दिसली नाहीत, वाचणारे पगार दिसले. ज्या नर्सचे हात साठवून घेतले, त्यांनाच पहिल्यांदा घरी पाठवलं. योजनेचं नाव 'सिद्धहस्त'. चौकाचौकात फलक लागले, 'घरोघरी परिचारिका, कराचा भार हलका'. घरपट्टी निम्मी झाली, पाणीपट्टी निम्मी झाली. आमचं गाव यंत्रमागाचं, दोन पैसे वाचले की खूश होणारं. गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला तेव्हा कुणी ओरडलं नाही, आणि मुलांचा बंद झाला तेव्हाही नाही. पहिल्या मजल्यावरचा किडनी विभाग तेवढा एका नर्सवर चालू राहिला. ज्याच्या घरी मोजा घालायला कुणी नसेल किंवा ज्याची घरातल्या उपचाराची पाळी चुकली असेल, त्याच्यासाठी.

मोजा आणि रक्त गाळायचं मशिन घरी आलं तेव्हा आधी सगळ्यांची चाचणी झाली. माझ्या नवऱ्याला, संग्रामला सगळ्यांत जास्त गुण पडले. पडणारच. लहानपणापासून मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारून त्याची बोटं तयार झालेली.

"तुमचं जास्त आलंय की," मी म्हणाले.

"मग कारखाना कोण बघणार? आणि आईला तरी बरं वाटंल काय, पोरानं सगळं करायचं म्हणजे?"

आत्यांना कुणी विचारलं नाही. मी प्रोसेस हाउसमध्ये कापड तपासायला जात होते. दिव्याखालून कापड सरकताना एका धाग्याची चूक मला लांबून दिसायची. ते सुटलं. घरपट्टीची नवी पावती आली त्या दिवशी संग्रामनं बासुंदी आणली. घरात काय वाचलं याचा हिशेब झाला. माझा पगार गेला, तो कुणाच्या हिशेबात आला नाही.

आमच्या गल्लीत एका घराआड एक आजारी माणूस आणि प्रत्येक आजाऱ्यामागं एक बाई. समोरच्या रुक्सानाभाभींचे मिस्टर लकव्यानं पडून. त्यांना नाकातल्या नळीतून भरवावं लागायचं. भाभी शिवणकाम करायच्या, तेही बंद पडलं. मोजा काम बघतो आणि नोंद करतो. पाळी चुकली की घराच्या नावावर 'गैरहजर' लागतं. एकही गैरहजेरी नसलेल्या घराला सरकार दारावर लावायला पितळी पाटी देतं, 'कर्तव्यदक्ष कुटुंब'. खरं तर गैरहजेरी लागली तर काही बिघडत नव्हतं. उलट त्या दिवशी आजाऱ्याला दवाखान्यात जागा द्यायची, असा नियमच होता. पण आमच्यात घरचं दुखणं चारचौघांत न्यायचं नाही ही रीत. 'सासू दवाखान्यात टाकली' असं कुणी म्हणायच्या आत आम्ही जीव दिला असता.

भाभी तापानं फणफणल्या तेव्हा हे सगळं सुरू झालं. मी बघायला गेले तर त्या भिंतीला धरून नवऱ्याच्या खाटेकडं निघालेल्या.

"भाभी, झोपा की गप. एक दिवस दवाखान्यात ठेवू त्यांना."

"नगं बाई. दीर काय म्हणतील? पाटी जाईल दारावरची."

मी त्यांचा अंगठा मोज्यावर टेकवला, मोजा चालू केला आणि माझ्या हातात चढवला. सुरुवातीला ओळख पटवायला अंगठा लागतो. पुढं हात कुणाचा आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. नोंद लागली, 'रुक्साना मोमीन, हजर'.

गल्लीत आमची पैशांची भिशी आधीपासून होतीच. तिचीच मग हातभिशी झाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. जिची चिठ्ठी निघेल तिला सुट्टी. तिनं नुसता अंगठा लावून जायचं, तिचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. एक जण माहेरी जाऊन आली. एक जण दिवसभर झोपली. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मी एसटी स्टँडवर जाऊन भडंग खाल्लं, सगळ्या गाड्या बघितल्या आणि परत आले. त्याआधी किती दिवस मी मोकळ्या हातांनी बसले नव्हते, मला आठवेना.

या भिशीचा मला फार अभिमान होता.

वर्षभरानं आमच्या प्रभागाचा सत्कार झाला. नाट्यगृहात शाल, श्रीफळ, फोटो. विभागीय कार्यालयातून केतकी पाटणकर नावाच्या मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला गोड.

"या प्रभागात वर्षभरात एकही गैरहजेरी नाही," त्या म्हणाल्या. "संपूर्ण विभागात पहिला क्रमांक! दवाखान्यातल्या किडनी विभागाची गरज तुमच्या मायेनं संपवली आहे. तो विभाग या महिन्यापासून बंद करताना आम्हाला अत्यंत आनंद होतो आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. सगळे वाजवत होते. टाळ्या थांबल्यावर भाभी माझ्या कानाशी लागल्या. "धनू, ही बाई काय म्हणाली गं?"

आमच्यातली एक आजारी पडली, एक माहेरी गेली, एक थकून झोपली, यातलं काहीच वर पोचलं नव्हतं. आम्ही एकमेकींची अब्रू झाकली आणि सरकारला दिसला तो कधीच न थकणाऱ्या बायांचा प्रभाग. असला प्रभाग मिळाल्यावर नर्सला पगार कोण देईल?

पुढच्याच महिन्यात आत्यांची शीर फुगली. त्याच त्या जागी सुया खाऊन दंडावर लिंबाएवढा फुगवटा आला होता आणि वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. त्या दिवशी मोजा फुगवट्याच्या कडेलाच गेला. मी हात मागं ओढला, तो पुढं गेला. मशिनचं काम झाल्यावर सुई काढली आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली.

"दाब कायम ठेवा," मोज्यातला आवाज म्हणाला.

"ठेवलाय!" मी ओरडले.

"दाब कायम ठेवा."

भाभी धावत आल्या. त्यांनी माझ्या हातावर हात दाबला, आत्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. मोज्याच्या पट्टीवर अक्षरं आली, 'तज्ज्ञ तपासणी आवश्यक.' त्याखाली, 'आपल्या प्रभागात कुटुंबक्षमता पुरेशी असल्याने तज्ज्ञ उपलब्ध नाही.'

संग्राम म्हणाला, मिरजेला खाजगीत दाखवू. दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ही शीर जपा. सुई कुठं घालायची हे दरवेळी माणसानं हात लावून ठरवायला हवं. मोज्याच्या भरवशावर राहिलात तर एक दिवस फुटेल. आठवड्यातून तीनदा मिरज आम्हाला कुठून झेपणार? येताना मी आमच्या दवाखान्यात शिरले. पहिल्या मजल्याच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं. आत चादरी पांघरलेली मशिनं चांगली धडधाकट उभी होती.

दुसऱ्या दिवशी भाभी आणि मी केतकी मॅडमच्या कार्यालयात गेलो.

"ताई, गैरहजेरी दिसल्याशिवाय यंत्रणा माणूस देत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्या प्रभागात ती शून्य आहे."

"ते खोटं हाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. अंगठा एकीचा, हात दुसरीचा, तांब्यातल्या चिठ्ठ्या, भाभींचा ताप. भाभी म्हणाल्या, "मॅडम, आमी थकलोय वो. एवढंच लिवा."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला आणि मी हे जसंच्या तसं वर मांडते म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

थोड्याच दिवसांत चौकात नवा फलक लागला, 'हातभिशी योजना'. शेजारपाजारच्या बायकांनी एकमेकींच्या पाळ्या वाटून घ्यायच्या, आता अधिकृतपणे. प्रत्येक गल्लीची 'सामुदायिक क्षमता' मोजायची आणि त्या मानानं उरलेले दवाखाने कमी करायचे. घरपट्टी आणखी उतरणार. आमची गल्ली राज्यात नमुना म्हणून दाखवणार होते.

"आता आमच्या भिशीलाबी सरकारचा अंगठा लागला," भाभी म्हणाल्या आणि फलकाखाली पचकन थुंकल्या.

मॅडमचा फोन आला. "ताई, मी मनापासून तुमचं म्हणणं मांडलं होतं. वर त्यांनी वेगळंच ऐकलं."

मी फोन आपटला. मनापासून! आम्ही थकलो म्हणून सांगायला गेलो, आणि यांनी आमच्या थकण्याचीच योजना केली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन मी मोजा भिंतीवर फेकला. तो फुटलाही नाही, चांगला बनवलाय.

आत्या खाटेवरून बघत होत्या.

"मला दवाखान्यात नेऊन बसव," त्या म्हणाल्या.

"कुलूप हाय तिथं, आत्या."

"दारात बसव. हितं मी आता हात द्येत न्हाई."

"एक पाळी चुकली तर अंगावर पाणी चढतंय. दोन चुकल्या तर काय हुतंय, ठावं हाय न्हवं?"

"मलाच ठावं हाय, तू काय सांगतीस. हितं शीर फुटून मेलो तर तू मारलंस म्हणतील. तिथं मेलो तर दवाखान्याच्या दारात मेलो, असं तरी हुईल." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मेलो, आलो' असंच म्हणतात, आत्या त्या दिवशी ते अगदी ठासून म्हणाल्या. मी नको म्हणाले. रडले, पाया पडले. त्यांनी दंड पदराखाली घेतला तो घेतलाच.

शेवटी आम्ही त्यांना रिक्षात घालून नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली. भाभींनी नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांना त्या नळीतून नुसत्या हातानं, मोज्याशिवाय भरवत होत्या. भिशीतल्या बाकीच्या बायाही आल्या. एकच ठरलं, कुणी दुसरीच्या अंगठ्यावर काम करायचं नाही. फोनवर निरोप यायला लागले, 'आपली पाळी चुकली आहे. आपल्या कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा विचार करा.'

पहिली पाळी गेली. आत्या गप्पा मारत होत्या, पाणी मोजून पीत होत्या. दुसरी पाळी गेली तेव्हा पावलं फुगली, आणि त्यानंतरच्या सकाळी त्यांना आडवं झोपवेना. भिंतीला टेकून त्या तोंडानं श्वास घ्यायला लागल्या. माझ्या पिशवीत मोजा होता. रिक्षात घातलं की घर दहा मिनिटांवर, घरी मशिन तयार. मी सारखी त्या पिशवीकडं बघत होते. कुणाला वाटेल मी मोठी धीराची. दोनदा मी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

संग्राम आला तो पिशवीवरच झडप घालून. मोजा काढून स्वतःच्या हातात चढवायला लागला.

"आई, ऊठ. मी घालतो सुई. माझं गुण जास्त हैत. ऊठ, घरी चल."

एवढ्या दिवसांत त्यानं तो पहिल्यांदा हातात धरला होता. मला हसू आलं आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं.

आत्यांनी मान हलवली. एकेक शब्द श्वास घेऊन बोलल्या. "आज तू घातलास... तर म्हणतील, बघा, घरात आणिक एक हात हाय. काढ त्यो."

"आई, मरशील गं!"

"काढ, संग्राम."

तो माझ्यावर उलटला. "तू सांग तिला! तुझं ऐकती ती. का मारायचीच हाय तुला?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणाले असते तर त्या उठल्या असत्या, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. या बाईनं माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले होते. आणि एक नर्स मिळावी म्हणून मी तिचा श्वास पणाला लावून बसले होते. एक नर्स! कालपरवापर्यंत या गावात पगारी नर्स होत्या, आणि आम्ही घरपट्टीची पावती बघून बासुंदी खाल्ली.

"मी न्हाई सांगत," मी म्हणाले.

तेवढ्यात केतकी मॅडम गाडीतून उतरल्या. आत्यांकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "ताई, प्लीज घाला तो. बाई जाईल हो!"

"मग नर्स आणा."

"माझ्या हातात नाही ते."

"तुमच्या हातात फोन हाय."

त्यांनी फोन लावला. "सर, पेशंट गंभीर आहे... नाही सर, कुटुंबातलं कोणी उपलब्ध नाही... हो सर, समोरच बसलंय कुटुंब. घालत नाहीत... नाही सर, शेजारचंही कोणी नाही." पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला. मॅडमनी आत्यांच्या फुगलेल्या पावलांकडं बघितलं. मग एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "सर, ही बाई इथं मेली तर कारण म्हणून मी तुमचं नाव लिहीन. माझंही लिहीन." आणि फोन बंद केला.

दुपारी कुलूप निघालं. मिरजेहून एक नर्स आली, चाळिशीची, कपाळाला घाम, डबा खायचा राहिलेली. तिनं आत्यांचा दंड बोटांनी चाचपला, फुगवट्यापासून लांब, पार वरच्या बाजूला एक जागा शोधली आणि सुई घातली. रक्त मशिनकडं निघालं. मी भिंतीला डोकं लावून हुंदके देत राहिले.

बाहेर संग्राम बाकावर बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गेली असती तर?"

"तर मी मारली अशी नोंद लागली असती. त्यांच्याकडं लिहायला दुसरं नावच न्हाई."

तो अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. राग मला त्याच्यापेक्षा मोठ्या लोकांचा आहे.

संध्याकाळी आत्यांची धाप बसली. नर्सनं नवा कागद काढला आणि दारातून विचारलं, "पेशंटजवळ घरचं कोण थांबणार?"

"घरचं कुणी उपलब्ध न्हाई, असं लिहा," मी म्हणाले, आणि आत जाऊन आत्यांच्या पायाशी बसले.